मोठ्या पाण्यावर मासेमारी: बोट केवढी हवी आणि तिच्यात पाणी का शिरू द्यायचं नाही

मोठ्या तलावावर किंवा समुद्रात मासेमारीला जायचं ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती फुटी बोट लागेल?" त्याला एक आकडा हवा असतो. आकडे पुढे दिले आहेत, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. छोटी बोट बहुतेक वेळा आत आलेल्या पाण्यामुळे जाते. लाट मागून आत येते, पाणी बाहेर जायला जागा नसते, बोट जड होते, काठ आणखी खाली जातो आणि पुढची लाट त्याहून सहज आत येते. हे चक्र सुरू झालं की दोन-तीन मिनिटं हातात असतात. बोटीची निवड, वजनाची मांडणी, पंप, नांगर, लाटांत चालवण्याची पद्धत हे सगळं एकाच हेतूने करायचं असतं: पाणी आत येऊ नये आणि आलंच तर लगेच बाहेर जावं.

मोठं पाणी म्हणजे ज्यावर वाऱ्याला पाच-सात किलोमीटर तरी मोकळी धाव मिळते असं कुठलंही पाणी. धरणाचा रुंद जलाशयही त्यात आला.

पायरी १: पाणी आणि लाट समजून घ्या

लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतोय आणि पाण्यावर त्याला किती लांब मोकळी धाव मिळते. उथळ पाण्यात चौथी गोष्ट येते, खोली. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराची सरासरी खोली सुमारे १९ मीटर आहे, तर सुपीरियर सरोवराची सुमारे १४७ मीटर. म्हणूनच उथळ ईरीवर वारा सुटल्यावर लाटा फार लवकर उभ्या आणि जवळजवळ येतात, आणि छोट्या बोटवाल्यांना त्याचा धाक असतो.

हवामानाच्या अंदाजात लाटेची उंची सगळे वाचतात. दोन लाटांमधलं अंतर, म्हणजे सेकंदांत दिलेला कालावधी, मात्र नवीन माणूस वाचतच नाही, आणि बोटीला खरा त्रास तिथूनच होतो. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायला सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. ३ सेकंदांची लाट सुमारे १४ मीटर लांब असते, ६ सेकंदांची ५६ मीटर आणि ८ सेकंदांची १०० मीटर. एक मीटर उंचीची लाट ८ सेकंदांनी येत असेल तर ५ मीटरची बोट टेकडी चढून उतरावी तशी तिच्यावरून जाते. तीच एक मीटर ३ सेकंदांनी आली तर पुढचं टोक एका लाटेतून वर येण्याआधीच दुसरीत घुसतं. कामाला येणारा ढोबळ नियम असा: लाटेची उंची फुटांत घ्या, तिची दुप्पट करा, कालावधी निदान तेवढ्या सेकंदांचा हवा. २ फुटांच्या लाटेला ४ सेकंद, ३ फुटांना ६. उंचीचा आणि कालावधीचा आकडा सारखाच दिसला तर छोट्या बोटीने त्या दिवशी किनाऱ्यावर राहावं.

आणखी एक. अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. दिवसभरात एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येणारच. "०.८ मीटर" वाचलं की मनात दीड मीटरची लाट धरा.

पाणी उथळ होत जातं तिथे लाट फुटते. साधारणपणे लाटेची उंची खोलीच्या पाऊण पट झाली की ती फुटायला लागते. दीड मीटर खोलीच्या खडकाळ किंवा वाळूच्या उंचवट्यावर एक-सव्वा मीटरची लाट फुटलीच म्हणून समजा. मासा नेमका अशाच उंचवट्यांवर असतो, म्हणून ही जागा नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

पायरी २: बोट पाहताना काय पाहायचं

लांबी महत्त्वाची आहे, पण तिचा परिणाम सरळ प्रमाणात वाढत नाही. एकाच घडणीच्या दोन बोटी घेतल्या, एक १६ फुटी आणि एक २० फुटी, तर लांबी पाव पटीने वाढली तरी वजन जवळजवळ दुप्पट होतं. कलल्यावर स्वतःला सरळ करण्याची ताकद तर जवळजवळ अडीच पट होते. १६ फुटीतून २० फुटीत गेलेल्या माणसाला "ही बोट वेगळीच आहे" असं वाटतं, त्याचं कारण हे.

१९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये पाण्याच्या टाकीत बोटींच्या प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. फुटणारी लाट आडवी आदळली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के असली, तर काही बोटी उलटत होत्या. ६० टक्क्यांना कुठलीच टिकत नव्हती. ती सगळी डेक बंद असलेल्या शिडाच्या बोटींची गोष्ट. उघड्या मासेमारी बोटीला तेवढीही सवलत नाही, कारण उलटण्याच्या आधीच ती भरते. १६ फुटांचे ३० टक्के म्हणजे पाच फूटही नाहीत, हे लक्षात ठेवा.

लांबीनंतर या गोष्टी बघा, आणि याच क्रमाने बघा.

मागची बाजू. इंजिन जिथे बसतं ती आडवी फळी, ट्रान्सम, किती उंच आहे? जुन्या आणि स्वस्त बोटींत इंजिनासाठी तिथे खाच कापलेली असते आणि बोट भरल्यावर ती खाच पाण्यापासून जेमतेम वीतभर उरते. अचानक वेग कमी केला की बोटीची स्वतःचीच मागून येणारी लाट तिथून आत येते. ट्रान्सम पूर्ण उंच हवा, किंवा खाचेच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारी आणि परत बाहेर सोडणारी बंद कुंडी हवी. या एका मुद्द्यावर बोट नाकारायला कचरू नका.

काठाची उंची. माणसं, इंधन, बर्फ, सगळं चढवल्यावर पाण्यापासून काठाच्या सर्वांत खालच्या जागेपर्यंत मोजा. विक्रीच्या जागी रिकामी उभी असलेली बोट बघून हे कळत नाही.

डेक. आपोआप निचरा होणारा डेक म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वर असलेला, मागे भोकं असलेला बंद डेक. वरून आलेलं पाणी पंपाशिवाय निघून जातं. मोठ्या पाण्यावर ही सोय फार मोलाची आहे. फक्त भोकांना बाहेरून एकदिशा झडप आहे ना आणि पूर्ण वजनात ती भोकं पाण्याखाली जात नाहीत ना, हे तपासा. गेली तर तीच भोकं पाणी आत आणतात.

तळाचा आकार. मागच्या बाजूला तळाचा कोन, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेकडे तळ किती चढतो तो, १० अंशांच्या आत असेल तर बोट उभी असताना स्थिर वाटते, पण लाटेवर आपटते. २० अंशांपुढे ती लाट कापते, पण थांबल्यावर डोलते आणि इंधन जास्त पिते. तलावावरच्या उथळ, जवळजवळच्या लाटांसाठी १५ ते १८ अंश ही आमच्या मते चांगली मधली जागा.

रुंदी. २० फुटी बोटीला ८ फुटांच्या आसपास रुंदी असली की दोन माणसं एका बाजूला आली तरी ती सांभाळून घेते.

बोटीवरची पाटी. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या बोटींवर अ ते ड अशी वर्गवारी रोमन अक्षरांत असते. बोफोर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप, आकडा मोठा तेवढा वारा जोराचा. सर्वांत खालचा ड वर्ग बोफोर्ट ४ पर्यंतच्या वाऱ्याला आणि ०.३ मीटर लाटेला, क वर्ग बोफोर्ट ६ आणि २ मीटरला, ब वर्ग बोफोर्ट ८ आणि ४ मीटरला, आणि अ वर्ग त्यापुढच्या पाण्याला. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक बोटींवर माणसं, एकूण वजन आणि इंजिनाची ताकद यांची कमाल मर्यादा लिहिलेली पाटी असते. हे आकडे कमाल आहेत. पाटीवर सहा माणसं लिहिली असतील तर लाटांच्या पाण्यावर तीन न्या, फार तर चार.

पायरी ३: कोणत्या बोटीने कुठवर

खालचे आकडे नवशिक्यांसाठी आहेत आणि मुद्दाम कडक ठेवले आहेत. दोन-तीन हंगाम झाल्यावर तुमचे तुम्ही ठरवाल.

१२ ते १४ फूट: आडोशाच्या खाड्या, कोपरे, किनाऱ्यापासून वल्ह्याने परत येता येईल एवढं अंतर. वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत. मोठ्या पाण्याच्या मध्यावर ही बोट न्यायचीच नाही, पाणी आरशासारखं असलं तरी.

१६ ते १८ फूट: वारा ताशी २० किलोमीटरपर्यंत, लाट २ फुटांच्या आत, किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर. पूर्ण उंच ट्रान्सम असेल तरच.

१९ ते २२ फूट: ज्याला खरंच मोठ्या पाण्यावर नेमाने जायचं आहे त्याने सुरुवात इथून करावी. वारा ताशी २५ किलोमीटरपर्यंत, लाट ३ फूट.

२४ फुटांपुढे बोटीची मर्यादा लांब जाते आणि माणसांची आधी येते: थकवा, मळमळ, अंधार. केवळ आकारावर विसंबणाऱ्याने सुपीरियर सरोवर आठवावं. १० नोव्हेंबर १९७५ ला तिथे वादळात एडमंड फिट्झगेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज बुडालं, त्यावरचे सगळे २९ जण गेले.

पायरी ४: वजन कुठे ठेवायचं

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मासे जिवंत ठेवायची शंभर लिटरची टाकी भरली की आणखी एक धट्टाकट्टा माणूस चढला. ती टाकी बहुतेक मागे असते, बॅटऱ्या मागे, इंधन मागे, इंजिन मागे, आणि मासा लागला की माणसंही मागे. मग मागचा काठ किती उरतो ते धक्क्यावरच बघा.

एक चाचणी जरूर करा. नेहमीचं सगळं सामान आणि माणसं चढवा, दोघांना मागच्या एकाच कोपऱ्यात उभं करा आणि त्या कोपऱ्यात पाण्यापासून काठ किती वर आहे ते टेपने मोजा. ३० सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर सामान पुढे सरकवा. तरीही कमीच राहिला तर माणूस कमी करा. जुन्या बोटीचं टू-स्ट्रोक इंजिन काढून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बसवलं असेल तर ही चाचणी टाळूच नका. नवं इंजिन बहुधा बरंच जड असतं आणि डेकची भोकं पाण्याखाली गेलेली कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

सुटं सामान बांधा. पहिल्या मोठ्या लाटेला बर्फाची पेटी घसरत एका बाजूला जाते आणि बोट त्याच बाजूला कलते.

पायरी ५: पाणी बाहेर काढायची सोय

तळाचं बूच बसवायचं विसरणं ही जगभरातली सर्वांत साधी चूक. भोक २५ मिलिमीटरचं आणि पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत साडेतीनशे किलो. मागून आलेली एकच चांगली लाट दोनशे-तीनशे लिटर टाकून जाऊ शकते. ते पाणी एका जागी राहत नाही. बोट जिकडे कलते तिकडे ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून पाणी तळात असताना जोरात वळायचं नाही.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी अजिबात वर न उचलता मोजलेला असतो. "ताशी १९०० लिटर" म्हणजे कागदावर मिनिटाला ३२ लिटर, म्हणजे उघड्या बुचालाही तो पुरा पडत नाही. मीटरभर वर चढणारी नळी, तिची वळणं आणि अर्धवट उतरलेली बॅटरी धरली की प्रत्यक्षात निम्मंच पाणी निघतं. १८ ते २२ फुटी बोटीत ताशी ४००० लिटरचे दोन पंप असावेत, एक अगदी तळाशी आणि दुसरा हातभर वर, वेगळ्या फ्यूजवर.

बसवताना चार गोष्टी पाहा. नळी आतून गुळगुळीत हवी, कारण वळीची नळी पाणी अडवते. बाहेर सोडायचं तोंड पूर्ण वजनातल्या पाण्याच्या पातळीच्या बरंच वर हवं, नाहीतर पंप बंद झाला की तेच पाणी वक्रनलिकेसारखं परत आत येतं. पाणी वाढलं की आपोआप चालू करणारा तरंगता स्विच मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडा. आणि पंपाच्या जाळीशी मासेमारीचा दोरा, पालापाचोळा, वेष्टनांचे तुकडे अडकतात, ते दर खेपेला काढा. हंगामात एकदा तळात मोजून ४० लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. खोक्यावरचा आकडा विसरा, तुमच्या पंपाचा खरा आकडा तो.

दहा लिटरची दणकट बादली दोरीने बांधून ठेवा. बॅटरी पाण्याखाली गेल्यावर तीच उरते.

पायरी ६: अंगावर आणि हाताशी

लाइफ जॅकेट घालून निघायचं. पेटीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, त्याचे बंद ओल्या, थरथरत्या हातांनी लागत नाहीत. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक आकडेवारीत बुडून गेलेल्या दर पाचांपैकी चारांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेलं नसतं. जॅकेट किती जोराने वर उचलून धरतं ते न्यूटनमध्ये लिहिलेलं असतं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला, मदत जवळ असताना. मोठ्या पाण्यासाठी १०० किंवा १५० न्यूटनचं घ्या, म्हणजे बेशुद्ध माणसाचंही तोंड पाण्याबाहेर राहायला मदत होते. फुगणारं जॅकेट असेल तर गॅसची नळी घट्ट फिरवलेली आहे का आणि गंजली नाही ना, हे दर महिन्याला बघा. मांडीखालचा पट्टा लावा, नाहीतर जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि माणूस खाली राहतो. शिट्टी आणि छोटा दिवा जॅकेटलाच अडकवा.

पाणी १५ अंशांखाली असेल तर हिशेब बदलतो. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, आणि त्यातच डोकं पाण्याखाली गेलं तर पोहणाराही बुडतो. नंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. बोटीवर परत चढायचं ते त्याच वेळात. अंग गारठून शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण जॅकेट नसलेला माणूस तिथवर पोहोचतच नाही.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली हवी. माणूस बाहेर फेकला गेला आणि बोट चालूच राहिली, तर ती बहुधा गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

मोबाइल जलरोधक पिशवीत असू द्या, पण त्यावर भिस्त नको. हाताचा व्हीएचएफ रेडिओ घ्या, तरंगणारा. संकटाचा आणि हाक मारण्याचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. बसलेल्या माणसाच्या हातातल्या रेडिओचा पल्ला दुसऱ्या छोट्या बोटीपर्यंत काही किलोमीटरच असतो, उंच मनोऱ्यावरच्या केंद्रापर्यंत मात्र बराच लांब. किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्याने ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत देणारा वैयक्तिक बीकन अंगावर ठेवावा.

धारदार चाकू म्यानासकट जॅकेटला हवा. तो का, ते पुढे येईल.

पायरी ७: निघायचं की नाही

वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन्ही आकडे वाचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी १५ चा वारा ३० चा झाला म्हणजे "थोडा वाढला" असं नसतं.

सगळ्यांत जास्त फसवतो तो किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा. धक्क्यावर पाणी शांत दिसतं, कारण तिथे लाटेला धावच मिळालेली नसते. पाच किलोमीटर आत गेल्यावर पांढरे फेस दिसायला लागतात आणि परतीचा रस्ता नेमका वाऱ्याच्या तोंडावर असतो. पर्याय असेल तर मासेमारीची जागा वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे निवडा. जाताना त्रास झाला तरी येताना वारा घरी आणतो, आणि इंजिन बंद पडलं तरी बोट किनाऱ्याकडेच सरकते.

वेळेचाही हिशेब करा. शांत पाण्यावर ताशी ४० किलोमीटरने २० किलोमीटर जायला अर्धा तास. समोरच्या लाटांत तीच बोट ताशी १० ने चालते, म्हणजे परतायला दोन तास, इंधनही जास्त. म्हणून इंधनाचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक राखीव.

पाण्यावर फेसाची पांढरी टोकं तुरळक दिसली की वारा बोफोर्ट ३ चा, साधारण ताशी १२ ते १९ किलोमीटर. बऱ्याच ठिकाणी दिसायला लागली की ४, म्हणजे २० ते २८. १६ फुटी बोटीसाठी हा दुसरा टप्पा दिसणं म्हणजे दोऱ्या गुंडाळायची वेळ. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब किनारा गाठा. गळाच्या कार्बनच्या काठ्या वीज वाहून नेतात, त्या आडव्या ठेवा.

निघण्याआधी कुठे जाणार, किती जण, कधी परत येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्या.

पायरी ८: लाटांत चालवताना

समोरून लाटा असतील तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेला ३० ते ४५ अंशांत द्या. सरळ घेतलं तर आपटते, फार तिरकं घेतलं तर कलते. इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, खाली घेऊन पुढचं टोक थोडं दाबलं की ते लाट कापतं. चढताना थोडी गती द्या, माथ्यावर कमी करा.

मागून येणाऱ्या लाटा आरामाच्या वाटतात आणि घात त्याच करतात. ट्रिम वर घ्या, पुढचं टोक हलकं करा आणि पुढच्या लाटेच्या पाठीवर, माथ्याच्या किंचित मागे राहून तिच्याच वेगाने चला. माथा ओलांडून खाली घसरलात तर पुढचं टोक समोरच्या लाटेच्या पायथ्यात रुततं, मागची बाजू वेगाने बाजूला फिरते आणि बोट आडवी होते. पुढची लाट तिला कुशीवर घेते. उलट, फार हळू गेलात तर लाट मागून आत येते. म्हणून हात सतत थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या दांडीवर हवा.

कुशीवरून लाटा घेत लांब जायचं असेल तर नागमोडी चला: काही वेळ लाटेला तिरकं पुढचं टोक देऊन, मग वळून तिरकी मागची बाजू देऊन. वळायला दोन मोठ्या लाटांनंतरची शांत जागा बघा.

नदीच्या किंवा खाडीच्या मुखावर ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समुद्राची लाट आत येते. दोन्ही भिडले की लाट आखडते, उभी राहते आणि फुटते. तासाभरापूर्वी सहज पार केलेलं मुख मग ओळखू येत नाही. ते भरतीत किंवा भरतीच्या शिखरावर पाणी थांबतं तेव्हा ओलांडा. परतताना चुकलात तर बाहेरच खोल पाण्यात थांबा. भरती सुरू होईपर्यंत कंटाळा येईल, तो येऊ द्या.

पायरी ९: मासेमारीमुळे येणारे धोके

नांगर मागून कधीही टाकायचा नाही. मागची बाजू आधीच जड आणि बुटकी असते, दोर ती खाली ओढतो आणि लाट थेट ट्रान्समवर येते. "पाच मिनिटंच" म्हणून मागून टाकलेल्या नांगराने अनेक बोटी बुडवल्या आहेत. नांगर पुढूनच. दोर किती सोडायचा? पाण्याची खोली अधिक पाण्यापासून पुढच्या टोकाची उंची, त्याच्या सात पट. खोली ६ मीटर आणि टोक १ मीटर वर असेल तर ४९ मीटर. शांत पाण्यात पाच पटीने भागतं. नांगराला निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी हवी, म्हणजे ओढ आडवी राहते आणि नांगर रुततो.

गळ किंवा जाळं तळाला अडकलं तर इंजिनाच्या जोराने किंवा चरखीने एका बाजूवरून ओढू नका. लाट बोटीला वर उचलते, दोर उचलू देत नाही, आणि काठ पाण्यात जातो. ताण पुढच्या टोकावर घ्या, नाहीतर चाकूने कापा. चाकू जॅकेटला असायला हवा तो याचसाठी, पेटी शोधायला वेळ नसतो.

मोठा मासा आला की सगळे एका काठाशी धावतात. आधीच ठरवून ठेवा: एक जण गळ धरेल, एक जण हातजाळं, बाकीचे मध्ये बसून राहतील. वाहवत मासेमारी करताना बोट लाटेला आडवी होते, तेव्हा पुढच्या टोकाला पाण्यातली छत्री, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, लावा. आणि काठाशी उभं राहून लघवी करू नका. बोटीवरून माणसं पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे, बाटली ठेवा.

पायरी १०: इंजिन बंद पडलं तर

बोट लगेच कुशीवर येते. म्हणून इंजिनाचं झाकण उघडायच्या आधी पुढून नांगर टाका. खोली जास्त असेल तर पुढच्या टोकाला ड्रिफ्ट सॉक किंवा दोराला बांधलेली बादली सोडा. ती जागची धरून ठेवणार नाही, पण टोक लाटेकडे वळवेल. सगळ्यांना तळाशी, मधोमध बसवा. मग रेडिओवर कळवा. जीव धोक्यात नसेल तर "पॅन-पॅन" तीनदा, असेल तर "मेडे" तीनदा, मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती जण.

त्यानंतर इंजिन, या क्रमाने: लाल दोरी निसटली का, टाकीची हवेची चावी उघडी आहे का, इंधनाचा रबरी गोळा दाबल्यावर घट्ट होतो का, पंख्यात दोर अडकलाय का, फिल्टरमध्ये पाणी किंवा गाळ आहे का. इंजिन नेमकं खवळलेल्या पाण्यातच बंद पडतं यात योगायोग नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ आणि पाणी लाटा ढवळून काढतात आणि ते फिल्टरमध्ये येतं. १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, एक नवा फिल्टर आणि तो उघडायचा पाना बोटीत ठेवा. छोटं राखीव इंजिन असेल तर त्याला वेगळी टाकी द्या. एकाच टाकीतून दोघांना दिलं तर खराब इंधनाने दोन्ही बंद पडतात.

बोट भरली किंवा उलटली तर तिला सोडू नका. तळात फोम असलेली बोट भरूनही तरंगते, आणि शोधणाऱ्यांना पाण्यातल्या डोक्यापेक्षा ती फार लांबून दिसते. किनारा दिसतो त्याहून बराच दूर असतो. अंगाचा जितका भाग पाण्याबाहेर काढता येईल तितका बोटीवर काढा. पाण्यातून उघडता येणारी शिडी मागे बसवलेली असेल तर हे जमतं, नसेल तर भिजल्या कपड्यांनिशी काठावर चढणं तरुणालाही अवघड जातं.

पायरी ११: परत आल्यावर

बोट ट्रेलरवर घेतली की तळाचं बूच काढा आणि किती पाणी निघतं ते बादलीने मोजून तारखेसह लिहा. शांत दिवशीही दहा-वीस लिटर निघत असेल तर टाकीची नळी, झडप किंवा ट्रान्सममधला स्क्रू गळतोय. आकडा खेपेगणिक वाढत असेल तर गळती सापडेपर्यंत बोट पाण्यात घालू नका. हंगामातून एकदा बोट रिकामी करून ट्रेलरसकट वजनकाट्यावर घाला. पहिल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा पन्नास-शंभर किलो जास्त भरले आणि सामान तेच असेल, तर डेकखालच्या फोममध्ये पाणी मुरलंय. असा फोम बोट भरल्यावर तिला वर धरायला कमी पडतो आणि तोवर रोज काठ थोडा थोडा खाली नेतो. डेकला तपासणीचं भोक पाडून फोमचा तुकडा कापून पिळा. पाणी निघालं तर फोम बदलल्याशिवाय ती बोट मोठ्या पाण्यावर न्यायची नाही.